टेपवाली आणि पांढऱ्या व्हॅनचं वायरिंग

भंगाराच्या यार्डात गळ्यात शिंप्याची टेप घालून फिरणारी बाई एकच, आणि तिला सगळे टेपवाली म्हणतात. तिचं खरं नाव विचारलंत तर यार्डाच्या मालकालासुद्धा डोकं खाजवावं लागेल. तिला त्याचं काही वाटत नाही. फाटकाशी एखादा अनोळखी माणूस येऊन "ती टेपवाली कुठे भेटेल?" असं विचारतो, तेव्हा ती मुद्दाम दोन मिनिटं कामात असल्यासारखं करते, त्याला जरा इकडे-तिकडे हिंडू देते, आणि मग हात पुसत पुढे येऊन म्हणते, "बोला. गाडी कुठली, साल कुठलं?" एवढा तोरा तिला शोभतो. बारा वर्षं घासून कमावलेला आहे तो.

तिचं काम सांगायला सोपं आहे. गॅरेजवाले तिला फोन करतात. कुणाला दाराची कडी हवी असते, कुणाला आरशाचा सांगाडा, कुणाला मागच्या दिव्याची काच. कंपनीत ती वस्तू मिळत नाही, किंवा मिळेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. मग टेपवाली त्या चारशे-साडेचारशे मेलेल्या गाड्यांच्या रांगांतून फिरून नेमकी गाडी शोधते, वस्तू सोडवते, घासूनपुसून पोचती करते. असं काम करणारे यार्डात आणखी चार पुरुष आहेत. ते नजरेनं सांगतात, "बसेल की!" टेपवाली नजरेवर विसंबत नाही, कारण गाड्या बनवणारे लोक मोठे लहरी असतात. नाव तेच, रंग तोच, साल तेच, आणि वर्षाच्या मध्येच कुणाला तरी हुक्की येते आणि एक भोक बोटभर सरकतं. म्हणून ती आधी तुटक्या वस्तूला टेप लावते, मग भंगारातल्या वस्तूला लावते, दोन्ही मापं तोंडातल्या तोंडात पुटपुटते आणि मगच पाना उचलते. तिनं दिलेली वस्तू 'बसत नाही' म्हणून परत आली, असं बारा वर्षांत दोनदाच झालं. त्या दोन्ही वेळा कुणाची चूक होती हे ती तुम्हाला सविस्तर सांगेल. वेळ काढून जा म्हणजे झालं.

मुळातली ती शिंपीण. वडील लवकर गेले, तेव्हा थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, तिला आपल्या दुकानात मशीनवर बसवलं आणि काज करण्यापासून कोट बेतण्यापर्यंत सगळं शिकवलं. लग्न झालं ते टॅक्सीवाल्याशी. एकदा नवऱ्याचा पाय मोडला आणि त्याच आठवड्यात टॅक्सीच्या वायपरची मोटर जळली. बदली ड्रायव्हर म्हणाला, पावसापाण्यात मी अशी गाडी काढणार नाही. बाईनं जळकी मोटर कापडी पिशवीत घातली आणि यार्ड गाठलं. तिथल्या लोकांनी तीन वेळा तिच्या गळ्यात भलतीच मोटर मारली. चौथ्या वेळी ती टेप घेऊन गेली. मग नवऱ्याच्या दोस्तांनी आपापल्या टॅक्स्यांसाठी तिला पाठवायला सुरुवात केली, आणि बघता बघता दुकानातली खुर्ची सुटली ती सुटलीच.

दादाला हे कधी रुचलं नाही. "सुईदोऱ्याचा हात ग्रीसमध्ये घातलास," एवढंच तो म्हणायचा, पण वर्षातून चारदा म्हणायचा. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला आणि ती दादाकडे राहायला आली, बंद पडलेल्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. दादा सडाफटिंग. दोघांचं उत्तम जमायचं, फक्त यार्डाचा विषय निघायचा नाही. ती घरी आली की हात धुऊन होईपर्यंत तो पेपरमधून डोकं वर काढत नसे.

आणि गंमत बघा, यार्डात तिचा जो दबदबा आहे तो दादानं शिकवलेल्या कामाचाच. यार्डातली रीत ओरबाडण्याची. वायरिंग तर कुणी सोडवतच नाही. कटर घेतात, कचाकच कापतात आणि आतल्या तांब्यासाठी पोत्यात भरतात. टेपवाली कापत नाही, उसवते. जुना कोट उसवून आतली बाजू बाहेर करून पुन्हा शिवायचा असेल, तर कापडाला न दुखवता एकेक टाका काढावा लागतो. दादाच्या दुकानात हे काम नेहमी तिच्याकडे असायचं. तोच हात तिनं गाड्यांना लावला. वायरच्या टोकाला प्लास्टिकची जोडणी असते, तिला कपलर म्हणतात. त्याची बारीकशी जीभ दाबली की तो अलगद सुटतो. पुरुषांना ती जीभ कधी दिसतच नाही, असं तिचं म्हणणं. मी पुरुष आहे, आणि मला गप्प बसणं भाग आहे.

दोन वर्षांपूर्वी दादाच्या किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार असं डायलिसिस. केंद्राची एक जुनी व्हॅन होती, ती आठ पेशंटना दारातून उचलायची आणि दारात आणून सोडायची. ती आठ माणसं म्हणजे वात्रट पोरांचा वर्गच होता. कुणी चोरून किती पाणी प्यालं याची गाडीत उलटतपासणी चालायची. एक निवृत्त पोस्टमन दादाशी तोंडी बुद्धिबळ खेळायचा, पट नाही, सोंगट्या नाहीत, आणि दोघंही एकमेकांवर घोडा पळवल्याचा आरोप करायचे. चार तास यंत्राला बांधून घ्यायचं म्हणजे काय याबद्दल दादा कधी बोलला नाही. गाडीत कोण काय म्हणालं हे मात्र घरी आल्यावर अर्धा तास सांगायचा.

मग त्या व्हॅनमध्ये उंदीर शिरले. बॉनेटखालचं आणि डॅशबोर्डमागचं वायरिंग त्यांनी असं कुरतडलं, की चावी फिरवली तर हॉर्न वाजायचा आणि हॉर्न दाबला तर काहीच व्हायचं नाही. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलेलं. नवं वायरिंग मिळेना. गाडी मोठ्या मिस्त्रींकडे गेली. मोठे मिस्त्री म्हणजे त्या भागातलं पहिल्या नंबरचं गॅरेज, हाताखाली चार माणसं आणि नाकावर माशी बसू न देणारा स्वभाव. टेपवालीनं यार्डातल्या एका पोऱ्याकडून त्यांना निरोप धाडला, की यार्डात तिसऱ्या रांगेत याच मॉडेलची पांढरी व्हॅन आहे, मागून ठोकलेली, आतून धडधाकट. मिस्त्री हसले म्हणे. "भंगारातलं वायरिंग कधी अख्खं निघतं का? आणि शिवणकाम करणारी बाई काढणार?"

आठ दिवस मिस्त्री जोडाजोड करत राहिले. दादा दोन वेळा दोन-दोन बस बदलून केंद्रावर गेला. परतताना त्याचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा व्हायचा. टेपवाली म्हणाली, टॅक्सी करू. तो म्हणाला, "एकट्यानं त्या टॅक्सीत बसून मी काय करू? काचेतून बाहेर बघू?" पोस्टमन आता मुलाच्या गाडीनं दुसऱ्याच वेळेला यायला लागला होता. बाकीचेही विखुरले होते. आणि शुक्रवारी सकाळी दादा अंथरुणातून उठलाच नाही.

"दादा, अरे वेळ झाली."

"आज नाही जात."

"नाही जात म्हणजे? गंमत आहे का?"

"अगं धाकटे, दोन वर्षं जातोय," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "आता पुरे झालं."

तिनं आकांडतांडव केलं, हातापाया पडली, बोलणं टाकलं. दादा ढिम्म. दुपारी केंद्रातल्या नर्सचा फोन आला. एक खाडा कसाबसा चालेल, ती म्हणाली, पण सोमवारही चुकला तर त्यांना उचलून आणायची वेळ येईल, आणि त्याचा उपयोग होईलच असं नाही. टेपवालीनं फोन ठेवला. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

शनिवारी सकाळी ती यार्डात पोचली तर फाटकात मोठे मिस्त्री उभे. स्वतः. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि चेहरा दाढदुखी झाल्यासारखा.

"ताई, ती पांढरी व्हॅन आहे म्हणे तुमच्याकडे."

"आहे. आठ दिवस झाले निरोप धाडून."

मिस्त्रींनी बुटाच्या टोकाकडे पाहिलं. "वाटलं होतं, जोडून भागेल. काल डॅशबोर्डमधून धूर आला."

"पेशंट होते आत?" तिचा आवाज चढला.

"नाही, नाही. गाडी गॅरेजातच होती. पण आता जोडाजोडीत अर्थ नाही. केंद्रवाले म्हणतात, सोमवारपर्यंत झाली तर झाली, नाहीतर गाडी बंदच करून टाकू."

एरवी तिनं मिस्त्रींना निदान पाव तास तरी चांगलंच सुनावलं असतं. मनात सगळं तयार होतं. पण तेवढ्यात यार्डाचे मालक हातवारे करत आले. गाड्या चेपून त्यांचे ठोकळे करणारा प्रेस महिन्यातून एकदा येतो, तो नेमका त्या दिवशी येणार होता, आणि तिसरी रांग अख्खी त्याच्या नावावर होती.

"टेपवाली, तीन वाजता तिसरी रांग उचलायची," मालक म्हणाले. "मी थांबवू शकत नाही, प्रेसवाले ऐकत नाहीत."

"तीनच्या आत काढते."

"अख्खं वायरिंग?" मिस्त्रींच्या भुवया वर गेल्या. "ताई, पाच तास आहेत. डॅशबोर्ड करवतीनं कापू, निम्मा वेळ वाचेल."

"करवत लागली की तुम्ही बाहेर," टेपवाली म्हणाली. "तोवर ही बॅटरी धरा."

तर मंडळी, हे दृश्य यार्डातल्या लोकांनी पुढे महिनाभर एकमेकांना सांगितलं. मोठे मिस्त्री गुडघ्यांवर बसून बॅटरी धरतायत आणि पेडलांच्या जागी डोकं घालून उताणी पडलेली टेपवाली आतून हुकूम सोडतेय. डावीकडे. जरा खाली. अहो, माझ्या डोळ्यांत नको, कामावर धरा! ड्रायव्हरचं दार टायरांच्या ढिगाला टेकल्यामुळे उघडत नव्हतं. सगळी ये-जा पलीकडच्या सरकत्या दारातून. तिनं सीटा काढल्या, डॅशबोर्डचे अकरा स्क्रू काढले, घड्याळाखाली लपलेले दोन काढले. प्रत्येक कपलर सुटला की त्याच्या टोकाला ती कापडाची चिंधी बांधायची आणि पेननं त्यावर लिहायची: 'वायपर', 'पुढचा दिवा, ड्रायव्हर', 'पुढचा दिवा, दार', म्हणजे सरकत्या दाराच्या बाजूचा. चिंध्या तिच्या खिशात नेहमी असतात. शिंप्याच्या घरात दुसरं काही नसलं तरी चिंध्या असतात.

साडेबाराला गाडं अडलं. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक असतं, त्यातून सगळ्या वायरी एका जाड रबरी गळपट्टीतून पलीकडे जातात. कपलर त्या भोकापेक्षा मोठा.

"इथं मात्र कापावंच लागेल," मिस्त्री म्हणाले. "कारखान्यात आधी वायरी घालतात आणि मग कपलर लावतात."

"एवढ्या वायरी हातानं कोण लावत बसेल? आधी हा कपलरच घालत असणार," टेपवाली म्हणाली, आणि विचार करत पडून राहिली. मग तिनं साबण मागितला. साबणाचं बोट फिरवून तिनं ती रबरी गळपट्टी आतून बाहेर उलटवली, शर्टाची कॉलर शिवून झाल्यावर टोकं बाहेर काढतात तशी, आणि कपलर आडवा करून, अगदी लाडीगोडीनं, एक कोपरा आधी, मग दुसरा, असा पलीकडे सरकवला. तो सुटल्याचा आवाज मिस्त्रींनीही ऐकला. बॅटरी त्यांनी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताचा घाम पँटला पुसला.

पावणेतीनला फक्त मागचा भाग उरला. जमिनीच्या पत्र्याला क्लिपांनी धरलेली वायरिंगची शेपटी, आणि तिला फुटलेले मागच्या दोन दिव्यांचे दोन फाटे. त्यासाठी ती गाडीखाली गेली. टायरांचा ढीग आणि डिझेलची टाकी यांच्यामध्ये इतकी कमी जागा होती, की तिचं कोपर सोलवटून निघालं. क्रेनवाला वर हॉर्न मारत होता. चिंध्या बांधायला वेळच नव्हता. ते दोन फाटे तिनं तसेच सोडवले, अख्खं वायरिंग खांद्यावर टाकलं आणि बाहेर आली. ती चार पावलं लांब जाते न जाते तोच पांढरी व्हॅन हवेत उचलली गेली.

"एकही वायर कापलेली नाही," टेपवाली मिस्त्रींना म्हणाली. तिच्या केसांत कोळ्याची जाळी होती, कोपरातून रक्त येत होतं, आणि तिच्याइतकी ताठ मान त्या वेळी यार्डात कुणाची नव्हती. "उद्या दहाला घरी येऊन घेऊन जा. तोवर वायरींवरची जुनी चिकटपट्टी काढून नवी गुंडाळते."

रविवारी सकाळी तिनं दोन्ही खोल्यांत मिळून एक मोठी चादर अंथरली आणि वायरिंग पसरलं. वायरींवरची जुनी चिकटपट्टी वाळून तिचा भुगा होत होता; ती काढून नवी घालायची होती. पट्टीची कड क्लिपांच्या बाजूला उकलत होती, म्हणून तिनं क्लिपा वर करून सगळं मांडलं. मग मागच्या दोन फाट्यांना राहिलेल्या चिंध्या बांधल्या, 'ड्रायव्हर' आणि 'दार', आणि गुंडाळायला बसली. दादा खुर्चीत होता. पाय सुजलेले, श्वास जड, आणि समोर पेपर.

"घरात साप पसरलेत काय?" पेपरमागून आवाज आला.

"तुझ्या गाडीचं वायरिंग आहे."

"माझी गाडी नाही ती. मी जायचा नाही."

ती घाईघाईनं पट्टी ओढत राहिली. थोड्या वेळानं पेपर खाली आला.

"अगं, ताणू नकोस. ताणून गुंडाळलीस तर आतलं आवळलं जाईल. कापडाच्या कडेला गोट लावताना काय सांगायचो? निम्म्यावर निम्मं."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे तर हात तसा चालू दे की. आण इकडे."

आणि दादा चक्क खुर्चीतून उतरून खाली बसला. उतरायला त्याला वेळ लागला, ती मदतीला गेली तर त्यानं तिचा हात झटकला. पण एकदा पट्टीचं रीळ हातात आल्यावर ते दुकानातले जुने हात होते. पट्टी निम्म्यावर निम्मी, एकसारखी, सुरकुती नाही. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, मध्ये नुसता पट्टी सुटण्याचा आवाज. टेपवालीला इतका आनंद झाला होता, की तिनं मान वरच केली नाही, न जाणो तो उठून जायचा.

मागच्या फाट्यापाशी दादा थांबला. त्यानं चिंध्या वाचल्या. एक क्लिप बोटानं हलवून पाहिली.

"या क्लिपा गाडीत कुठल्या बाजूला असतात?"

"खाली. पत्र्यात अडकतात."

"मग आता वर कशा?"

"पट्टी काढायला सोपं म्हणून मी उ—" टेपवालीचा हात थांबला.

"म्हणजे कापड उलट्या बाजूनं पसरलंयस," दादा म्हणाला, "आणि खुणा सुलट समजून केल्यास. शर्टाची काजपट्टी भलत्या बाजूला गेली बघ. या दोन चिंध्या कधी बांधल्यास?"

"आज. इथे." तिचं तोंड उतरलं. पण ती टेपवाली; नुसत्या तर्कावर हार मानणारी नव्हती. तिनं दोन्ही फाटे चाचपले. एकातून डिझेलच्या टाकीला जाणारी बारीक वायर फुटत होती. टाकी टायरांच्या बाजूला होती; सोललेलं कोपर साक्षीला होतं. टायर ड्रायव्हरच्या दाराला टेकलेले. म्हणजे हा फाटा ड्रायव्हरच्या बाजूचा. आणि त्याच्यावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं: 'दार'.

डावीकडे वळताना उजवा दिवा लागला असता. आठ आजारी माणसं आत. कदाचित मिस्त्रींनी ते गॅरेजात पकडलं असतं, आणि मग जन्मभर, जाता येता, 'शिवणकामवाली बाई' ऐकून घ्यावं लागलं असतं. कदाचित घाईत पकडलंही नसतं.

"बारा वर्षं झाली दादा मला. आणि अशी चूक!"

"अगं, ही चूक शिंप्याची आहे," दादा म्हणाला. त्याच्या सुजलेल्या चेहऱ्यावर हसू पसरत होतं, कित्येक दिवसांनी. "मिस्त्र्याला जन्मात जमायची नाही. काम उलट्या बाजूनंच मांडायचं, हे तुझ्या हाताला मी लावलंय. आणि पहिल्या वर्षी त्या वकिलाच्या चार शर्टांच्या काजपट्ट्या मी स्वतः उलट्या केल्या होत्या. तुला कधी सांगितलं नाही."

"चार?"

"पाच. सोड आता त्या चिंध्या. आणि बाकीच्या पण दाखव. एकेक बघूया."

दहाला मिस्त्री आले तेव्हा भाऊबहीण चादरीवर गुडघे टेकून शेवटची चिंधी तपासत होते. दादानं मिस्त्रींना दारातच थांबायला सांगितलं. "पाय देऊ नका, माल पसरलाय," असं दुकानात म्हणायचा तसं म्हणाला.

जोडणीला टेपवाली स्वतः गॅरेजात गेली. चार माणसं चिंध्या वाचत होती आणि प्रत्येक टोक आपल्या जागेवर जाऊन बसत होतं. संध्याकाळी पाचला चावी फिरवली. इंजिन सुरू. हॉर्न दाबला की हॉर्नच. वायपर, पुढचे दिवे. मग मिस्त्री गाडीमागे जाऊन उभे राहिले आणि टेपवाली स्टिअरिंगपाशी बसली.

"डावा!" ती ओरडली.

"डावा!" मागून आवाज आला.

"उजवा!"

"उजवा!"

ती उतरली आणि तिनं मिस्त्रींना काही न लपवता सांगितलं, की हे दोन दिवे सकाळपर्यंत उलटे होते, मी उलटे केले होते आणि आमच्या दादानं पकडलं. न सांगता चाललं असतं. पण दादाचं कौतुक पोटात ठेवणं तिला जमण्यातलं नव्हतं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. मग एक स्टूल पुढे ओढलं, आपल्या खिशातल्या स्वच्छ रुमालानं पुसलं आणि म्हणाले, "बसा ताई. चहा मागवतो." गॅरेजातली चार माणसं एकमेकांकडे बघत राहिली. ते स्टूल कधी कुणासाठी पुसलं गेलं नव्हतं.

एवढं सगळं झालं खरं, पण टेपवालीचा जीव टांगणीलाच होता. गाडी सुरू झाली म्हणजे दादा गेला असं नव्हे. रविवारी रात्री तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. तिनंही विचारलं नाही. विचारलं असतं तर हट्टानं नाही म्हणाला असता. सोमवारी सकाळी ती उठली तेव्हा तो दाढी करून खुर्चीत बसला होता. समोर पेपर. साडेसातला बाहेर हॉर्न वाजला. पेपरचं पान उलटलं. तिनं ओट्याची कड घट्ट धरली.

मग पेपरची घडी पडली. दादा उठला, कठड्याला धरून तीन पायऱ्या उतरला आणि दाराकडे न जाता सरळ गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"ड्रायव्हर, डावा दिवा लाव बघू."

लागला.

"आता उजवा."

तोही लागला. दादानं मान हलवली. आतून पोस्टमन ओरडला, "अहो मास्तर, बसा की लवकर! माझा घोडा आठ दिवस अर्ध्या उडीत लटकलाय!"

"गाडी अगदी नवी झाली बघा," ड्रायव्हर दादाला हात देत म्हणाला. "कंपनीचा माणूस आला होता का हो?"

"कंपनीचा कशाला येतोय!" दादा एवढ्या मोठ्यानं म्हणाला, की आतल्या सातही जणांच्या माना वळल्या. "माझ्या बहिणीनं भंगारातून उसवून आणलंय हे. एकही वायर न कापता. आणि आमच्या घरात, आम्ही दोघांनी बसून शिवलंय."

तो आत चढला. दार सरकलं, काच खाली आली. त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघांचीही पंचाईत झाली असती. ड्रायव्हरच्या खांद्यावर बोट ठोकून तो म्हणाला, "आणि हे बघ, बुधवारी पाच मिनिटं लवकर ये. आजारी माणसांना दारात ताटकळत ठेवू नये."

बुधवारी, म्हणाला तो. गाडीनं डावा दिवा लावला आणि ती डावीकडे वळली. टेपवाली भर रस्त्यात उभी राहून रडली, आणि कोण बघतंय याची तिनं अजिबात फिकीर केली नाही.